करून दाखवते

“थांब, थांब. मी करून दाखवते,” असं म्हणत मी खुर्चीतून उठले, पदर खोचला आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. कालिंदी मुकाट्यानं बाजूला सरकली.

मिरजेतल्या एका शाळेचा हॉल संध्याकाळी आमच्या मंडळाला तालमीसाठी मिळायचा. चूल म्हणून एक स्टूल ठेवलेलं, ताट म्हणून एक पुठ्ठा. मी स्टुलापाशी उभी राहिले. मान किंचित डावीकडे, एक खोल श्वास, आणि सुरू. “इतकी वर्षं कुठं होतास? पत्र नाही, निरोप नाही...” अख्खं पानभर भाषण म्हटलं. खालच्या सुरातून वर, तिथून आणखी वर, आणि शेवटी एकदम खाली येऊन, “जा, हात धुऊन ये. वाढते.” आमचे प्रॉम्प्टर रफिकभाई सतारमेकर यांनी सवयीनं टाळी वाजवली.

“असं,” मी कालिंदीला म्हटलं. “हं, कर आता.”

तिनं केलं. मान डावीकडे, खोल श्वास, सगळं मी केलं तस्सं. फक्त आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जाईना. मी कपाळाला हात लावला.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच नाटक बसवत होते. त्याआधी कामं किती केली त्याची मोजदाद नाही. शालन देशिंगे म्हटलं की मिरज-सांगलीत लोक म्हणायचे, ती व्हय, एक्झिटला टाळी घेऊन जाणारी. मी नगरपालिकेत नोकरीला, तर तिथं जन्माचा दाखला न्यायला आलेली माणसंसुद्धा खिडकीतून वाकून माझ्याकडं बघायची. आणि एक दिवस, आजवर मंडळाची सगळी नाटकं बसवणाऱ्या आमच्या नाना मगदूमांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की, माझ्या कानांनी आता दगा दिलाय, यंदाचं नाटक शालन बसवेल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कुणीतरी हाताला धरून स्टेजवरून खाली उतरवावं तसं झालं. कारण मंडळाचा एक नियम होता, नानांनीच घातलेला. नाटक बसवणाऱ्यानं त्यात काम करायचं नाही. मी घरी येऊन भांडी आपटली. पन्नाशी जवळ आली म्हणून मला अडगळीत टाकतायत, असं आमच्या ह्यांना ऐकवलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

नाटक निवडलं मीच. एक विधवा बाई खानावळ चालवत असते. तिचा घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी दारात उभा राहतो आणि काहीच घडलं नाही अशा थाटात विचारतो, “आई, जेवायला काय आहे?” त्यावर त्या आईचं हे पानभर भाषण. वाचलं तेव्हाच अंगावर काटा आला होता. हे भाषण आपण म्हणायचं, नियमाबियमाचं पुढं बघू, असा माझा बेत. पण नाना बधले नाहीत, आणि आईचं काम गेलं कालिंदी सुतारकडं.

कालिंदी एका दवाखान्यात नर्स होती. आमच्याकडं यायची ती कपड्यांच्या व्यवस्थेला, दोन-तीन वर्षं. कधी साडीची निरी सरळ कर, कधी कुणाचं बटण लाव. आणि एक दिवस मला म्हणाली, “ताई, मला एकदा काम करायचंय.” सासूची परवानगी काढायला तिला सहा महिने लागले होते, आणि तीही एकाच नाटकाची मिळाली होती. एकदा काय ती हौस भागवून घे, परत नाव काढायचं नाही, असं सासू म्हणालेली. कालिंदी हे सांगताना हसत होती, पण तिच्या दृष्टीनं ते हसण्यासारखं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

कळून उपयोग काय? तिचा आवाजच निघेना. दिवसभर वॉर्डात हळू बोलून बोलून तिचा गळा तसाच घडलेला. मी दाखवायची, ती करायची. मी पुन्हा दाखवायची. एकट्या तिलाच नव्हे, सगळ्यांनाच मी दाखवत होते. मुलगा झालेला गिरीश उपळावीकर दारात उभा कसा राहील, शेजारीण कमरेवर हात कसा ठेवील, जेवायला येणारे मास्तर तांब्यानं पाणी कसं पितील. खुर्ची माझ्या नावाची होती, पण त्या खुर्चीवर जास्त वेळ माझी पर्सच बसलेली असायची. घरी गेल्यावरही चैन नाही. भाकरी थापता थापता मी चौघांची वाक्यं म्हणायची आणि भाकरी करपायची.

शेवटी एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर कालिंदीला सांगितलं, शनिवारपर्यंत हे भाषण आलं नाही तर मी स्वतः उभी राहणार, मग नाना मला मंडळातून काढोत नाहीतर आणखी काही करोत. तिनं पुठ्ठ्याचं ताट उचलून जागेवर ठेवलं आणि ड्यूटीला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नाना तालमीला आले. शेवटच्या बाकावर बसले आणि पूर्ण नाटक बघितलं. संपल्यावर काठी टेकत पुढं आले. ऐकू येत नसल्यामुळं हल्ली ते ओरडूनच बोलायचे.

“छान झालं,” ते म्हणाले. “नाटकात माणसं किती?”

“चार,” मी बोटं दाखवली.

“मला चार शालन दिसल्या. त्यातली एक मिशीवाली.”

गिरीशनं आपल्या मिशीला हात लावला आणि मास्तरांना फिस्सकन हसू आलं. माझं डोकं फिरलं. मी नानांना बाहेर घेऊन आले. खरं तर चारचौघांत भांडायचं नव्हतं मला, पण बहिऱ्या माणसाशी गुपचूप भांडता येत नाही. चहाच्या गाड्यावरची सगळी गिऱ्हाइकं कप हातात धरून ऐकत राहिली.

“तुम्हाला ऐकू तरी आलं का काही?” मी ओरडले.

“ऐकू आलं नाही म्हणून तर दिसलं. वाक्य बोलायच्या आधी तू मान डावीकडं घेतेस. आज गिऱ्यानं घेतली, मास्तरनं घेतली. त्या नर्सबाईची तर मान अवघडली असेल.”

“मग? दाखवल्याशिवाय त्यांना कळणार कसं?”

“तुला मी कधी करून दाखवलं?”

“तुम्हाला येत कुठं होतं!”

रागाच्या भरात तोंडातून गेलं. चहावाल्यानं मान खाली घातली. नाना मात्र हसले. “नव्हतंच येत,” ते म्हणाले. “तुझं नशीब.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “नाटक बसवायला घेतलंयस ना? मग आधी तू बस की जरा.”

मी चहाचे पैसेसुद्धा न देता तरातरा घरी निघून आले. म्हातारा तिरका बोलतो, ऐकू येत नाही आणि शहाणपणा शिकवतो, असं वाटेतल्या प्रत्येक खांबाला सांगत आले. पण अंथरुणावर पडल्यावर आठवू लागले आणि आठवेना. नानांनी मला कधी काही करून दाखवलेलं खरंच आठवेना. खुर्चीत बसून नुसते विचारायचे. ही बाई आता का चिडली, शालन? हिला हा माणूस आवडतो का गं? आणि मी वैतागून काहीतरी करायची, तर म्हणायचे, हां, असं. मला वाटायचं, यांना काही येत नाही, सगळं मीच करते.

दुसऱ्या दिवसापासून मी बसायला लागले. हे सांगायला सोपं आहे. समोर एक माणूस वाक्याची माती करतोय, ते कसं म्हणायचं हे आपल्याला ढळढळीत माहीत आहे, आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं. माझे पाय आपोआप हलायचे. दोनदा अर्धी उठले आणि परत बसले. चहा मागवला, तो गार झाला, दुसरा मागवला. रफिकभाईंनी येऊन हळूच विचारलं, “ताई, तब्येत बरी नाही का?”

आणि नाटक आणखी बिघडलं. माझी नक्कल गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. गिरीश दारात लाकडासारखा उभा. मास्तर पाणी प्यायचंच विसरले. मग हळूहळू, आपापलं काहीबाही सापडत गेलं एकेकाला. गिरीश एकदा चप्पल काढायचं विसरून आत आला, चार पावलं गेल्यावर लक्षात आलं तसा मागं फिरला. मी म्हटलं, हे ठेव. स्वतःच्याच घरात परक्यासारखा वाटला तो मला, पहिल्यांदाच.

कालिंदीचं मात्र काही हलेना. स्वयंपाकघरातली तिची हालचाल सुरेख व्हायची, पण भाषण आलं की शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणून मोकळी व्हायची. मी विचारलं, “अगं, पोटचा पोरगा इतक्या वर्षांनी आलाय. चीड नाही येत तुला?”

“येते की.”

“मग?”

“मला चिडल्यावर बोलायला येत नाही, ताई. मी गप्पच होते.”

भाषण तर लेखकानं पानभर लिहून ठेवलेलं.

शनिवार उजाडला. तालीम संपली, सगळे गेले. कालिंदीनं नाटकाची प्रत माझ्यासमोर टेबलावर ठेवली. “तुम्हीच उभ्या राहा, ताई. माझ्यानं नाही होत. उगाच सगळ्यांचं नुकसान.”

याच वाक्याची मी महिनाभर वाट बघत होते. नाट्यस्पर्धेचा प्रयोग आठवड्यावर आलेला. ते भाषण मला झोपेतसुद्धा पाठ होतं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघितलं. ती रडत नव्हती. पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

“तुला करायचंय का नाही?” मी विचारलं.

“करायचंय. पण येत नाही.”

“करायचंय ना? मग घे ती प्रत आणि नीघ. ड्यूटीला उशीर होईल.”

हे मी का म्हटलं, मलाच कळलं नाही. थोरपणाबिरपणा काही नव्हता त्यात. घरी पोचेपर्यंत पस्तावलेही. हातातलं काम घालवलं मी, असं ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, तूच दिलंस ना, मग आता कटकट का?

प्रयोग सांगलीला होता. नाना पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. कालिंदीची सासूही आलेली, नाकापर्यंत पदर ओढून, दोन नणंदांच्या मध्ये. मी विंगेत उभी. बाजूला रफिकभाई, हातात प्रत, बोट ओळीवर. पहिला अंक ठीक गेला. तसं बघितलं तर मी एकटीच घामाघूम झाले होते.

दुसरा अंक. गिरीश दारात आला, चार पावलं आत गेला, मागं फिरून चप्पल काढली. “आई, जेवायला काय आहे?”

कालिंदी चुलीपाशी होती. ती वळली. त्याच्याकडं बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

ती विसरली होती. मला ते लगेच कळलं. वाक्य विसरलेल्या नटाचे डोळे कसे होतात ते मी लांबून ओळखते. अख्खं पान तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं. “देऊ का?” त्यांनी ओठांनी विचारलं.

मी हात वर केला आणि त्यांना थांबवलं.

कालिंदी तशीच उभी. मग तिनं त्याच्यावरची नजर काढली. फळीवरचं एक ताट घेतलं. ते स्वच्छच होतं, तरी पदरानं पुसलं. उलटं करून मागून पुसलं. खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि पुन्हा पुसू लागली. पुसता पुसता ताट फळीवर वाजलं. ते तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरलं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. गिरीश हबकलेला, त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती. पोराला आईची वाटावी तशीच. रफिकभाईंचं बोट ओळीवर, ओठ उघडे. त्यांनी माझी बाही ओढली. मी हललेच नाही.

मग तिनं ताट मांडलं. वर बघितलं, त्याच्या तोंडाकडं नव्हे, त्याच्या हातांकडं. आणि वॉर्डात बोलावं इतक्या हळू म्हणाली, “जा. हात धुऊन ये.”

थोडं थांबून, “वाढते.”

पान संपलं. पानभर भाषणातली शेवटची ओळ तेवढी उरली होती. गिरीशचं पुढचं वाक्य त्याच ओळीवर होतं, पण तेही त्याला बोलता आलं नाही. तो मोरीकडं वळला आणि त्याचे खांदे गदगदायला लागले. टाळी पडली नाही. एक टाळी नाही. मागच्या रांगेत कुठंतरी एक बाई हुंदका आवरत होती. रफिकभाईंनी प्रत मिटली आणि डोळ्यांना रुमाल लावला. लेखक कोल्हापूरला असायचे आणि त्या दिवशी आले नव्हते, हे फार बरं झालं.

पडदा पडल्यावर माणसं आत आली. नानांनी माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मी कालिंदीला शोधत होते. ती मागच्या अंगणातल्या नळावर तोंड धूत होती. रंग अर्धा निघालेला, अर्धा गालावर.

“तुम्हाला दिसलं होतं,” माझ्याकडं पाठ ठेवूनच ती म्हणाली.

“हो.”

“मी विसरले होते, हे कळलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“रफिकभाई वाक्य देत होते. तुम्ही थांबवलंत त्यांना. मी बघितलं.” ती वळली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितलं नव्हतं, आणि ती बोलत होती. “मला मरायची पाळी आली होती तिथं. सासू समोर बसलेली. एकच नाटक मिळालं होतं मला, ताई. एकच. तुम्ही माझी फजिती बघत उभ्या राहिलात? एवढंच होतं तर शनिवारी मी म्हणत होते तेव्हा तुम्हीच का नाही घेतलंत काम?”

मला उत्तराची कधी वाण नव्हती. अख्ख्या नगरपालिकेत माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. पण त्या नळापाशी मला शब्द जुळवावे लागले.

“मला ते भाषण पाठ आहे, कालिंदी,” मी म्हटलं. “तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण तू ताट पुसायला लागलीस, आणि मला एक ओळ आठवेना. द्यायला माझ्याकडं वाक्यच नव्हतं गं. ती बाई आता काय बोलणार, ते मला माहीत नव्हतं. मी बघत होते.”

“काय बघत होतात?”

“नाटक.”

स्टेजवर मी कितीदा रडले असेन, हवं तेव्हा, हव्या त्या डोळ्यानं. त्या दिवशी नाक वाहायला लागलं आणि पदर सापडेना. कालिंदी बघत राहिली. मग नळ बंद केला. म्हणाली, “सासू येऊन गेली आत्ता. ओल्या हातानं मला जवळ घेतलं नि गेली. डोळे पुसले असतील तिनं.” आणि तिनं विचारलं, “मिरजेत प्रयोग आहे ना महिन्यानं? तेव्हा भाषण म्हणू का तसंच करू?”

माझ्या डोक्यात तीन प्रकार तयार होते. कुठं थांबायचं, कुठं बघायचं, ताट कोणत्या हातात घ्यायचं. जीभ नुसती वळवळत होती.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

तिनं गालावरचा उरलेला रंग बोटानं पुसून बघितला. विचार करत राहिली, आणि मी तिला विचार करू दिला.

“पदरानं ताट पुसणं बरं दिसत नाही, ताई,” ती म्हणाली. “खानावळीची बाई आहे ती. फडकं पाहिजे एक. कोरडं.”

“आणते,” मी म्हटलं.